पंडिता रमाबाई : दुष्काळातून केडगावापर्यंत

आम्ही पुंगोलला राहतो. गेल्या वर्षअखेरच्या पावसात आमच्याच ब्लॉकमधील एका चिनी ख्रिस्ती बाईंचा मुलगा आजाराने गेला. इथल्या रिवाजाप्रमाणे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत शवपेटी ठेवली होती. खुर्च्या मांडल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी चर्चची मंडळी जमून प्रार्थनागीते म्हणत होती. शेजारधर्म म्हणून आम्हीही जाऊन बसलो. येणारा प्रत्येकजण त्या माउलीला एकच गोष्ट सांगत होता, की देवावर भरवसा ठेवा. त्या मान हलवीत होत्या. पुढे पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये गाठ पडली तेव्हा त्या म्हणाल्या की भरवसा ठेवा असे सगळे सांगतात, पण कसा ठेवायचा ते कोणी सांगत नाही. मग त्यांनी विचारले की तुम्हा मराठी लोकांत कोणी ख्रिस्ती असतात का?

आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. लिफ्ट थांबेपर्यंत जेवढे बोलता आले तेवढे बोललो. घरी येऊन आमच्या मुलांना विचारले, तर त्यांनाही ते नाव नवे! शिवाजी महाराज ठाऊक, ज्ञानेश्वर-तुकाराम ठाऊक, पण रमाबाई नाही. दोष मुलांचा नाही. आम्ही बेटावर जन्मलेली मराठी माणसे आमच्या आजी-आजोबांनी जेवढे गाठोड्यात बांधून आणले तेवढेच पुढे देत आलो, आणि त्या गाठोड्यात रमाबाई नव्हत्या. धर्म बदललेल्या बाईचे नाव घरात कोण काढणार? म्हणून वाचकहो, लिफ्टमध्ये जे सांगायचे राहिले ते आज ह्या पानावर सांगत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हे केवढे धाडस होते! त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि शास्त्राधार दाखवून त्यांनी तो दिला. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. लहानग्या रमेला वेताच्या पेटीत घालून नेले. आईने चालता चालता, पहाटे उठवून, तिला संस्कृत शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले होते. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, ऐकणारे जे देतील त्यावर गुजराण करायची, उरेल ते दानधर्मात घालायचे, असा ह्या कुटुंबाचा क्रम होता.

१८७० च्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टी गेली होती. देव आपल्याला टाकणार नाही अशी त्यांची पक्की श्रद्धा होती, म्हणून होते नव्हते ते विकून त्यांनी दाने दिली, उपवास केले, अनुष्ठाने केली. पैसा संपला, भांडी संपली. विद्वानाच्या घराला मजुरी करणे कमीपणाचे वाटे आणि भीक मागणे त्याहून कमीपणाचे. शेवटी सारे रानात गेले. तिथे पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर ह्यांवर अकरा दिवस काढले. वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले, तिला देवाच्या हाती सोपवले आणि जन्मभर देवाची सेवा कर असे सांगून प्राण सोडला. थोड्याच आठवड्यांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. भाऊ श्रीनिवास आणि रमा धरून चौघे झाले. रमेची उंची कमी, तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचे आपले टोक डोक्यावर घेतले आणि सुमारे तीन मैल चालत स्मशान गाठले.

हे आम्ही कोणाच्या धर्माला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्या पित्याचा भरवसा खोटा नव्हता. उलट एवढा भरवसा आजच्या माणसात शोधूनही सापडणार नाही. पण मुलीच्या मनात तिथे एक गाठ बसली. आपण एवढी भक्ती केली, मग आपण उपाशी का मेलो? आणि आपल्याला एकही हातकाम का येत नव्हते? ह्या दोन प्रश्नांतला दुसरा अधिक महत्त्वाचा ठरला असे आम्हाला वाटते. पुढचे केडगाव त्यातून उभे राहिले.

बहीण-भाऊ मग हिंदुस्थानभर पायी फिरले, थेट काश्मीरपर्यंत. मूठभर धान्य मिठाच्या पाण्यात भिजवून खाल्ले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी अंगात भरू लागली, पांघरूण नव्हते, तेव्हा नदीकाठच्या वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणून ते त्यांत झोपले आणि डोके तेवढे उघडे ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोहोचली. तिथल्या पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. काल वाळूत झोपणारी मुलगी आज सभेत सन्मान घेत होती. पण आतून तिची जुनी श्रद्धा उडत चालली होती. केशवचंद्र सेनांनी तिला वेदाचा ग्रंथ वाचायला दिला, तरी मनाचे समाधान झाले नाही.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचे. दोन्हीकडच्या समाजांनी पाठ फिरवली. सिलचरला संसार थाटला. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले, आणि ख्रिस्ताची कथा त्यांनी प्रथम तिथे वाचली. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ उरले एक तान्हे मूल, कर्ज आणि संस्कृत.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रियांच्या शिक्षणासाठी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला निघाल्या. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात उतरल्या. तिथे दोन गोष्टी घडल्या. सोबत आलेल्या मैत्रिणीने आत्मघात केला, आणि रमाबाई त्या धक्क्याने हादरून गेल्या. दुसरी गोष्ट अशी, की भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आपले एक काम दाखवले. वाट चुकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जाई. ज्यांना आपल्याकडे दाराशी उभे करत नसत अशा बायकांची ह्या भगिनी आपुलकीने शुश्रूषा करीत होत्या. रमाबाईंनी कारण विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरेशास्त्री ह्या मराठी ख्रिस्ती विद्वानाच्या लेखनाचाही त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता.

पण ही बाई कोणाच्याही ओंजळीने पाणी पिणारी नव्हती. मांसाहार केला नाही, सुती साडी सोडली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद घातला. धर्मगुरूंनी सांगितलेले सिद्धान्त बुद्धीला पटल्याशिवाय स्वीकारायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यावरून आश्रमातल्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार पुष्कळ तिखट झाला. देवावर भरवसा म्हणजे देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकावर भरवसा नव्हे, हे त्यांना फार लवकर कळले. कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला, तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि अडीच-पावणेतीन वर्षे राहिल्या. आम्ही अध्यापक विद्यालयातून शिकून बाहेर पडलो तेव्हा फ्रोबेल आणि बालोद्यान हे शब्द नवे आणि परके वाटत असत. पण त्यापूर्वी कितीतरी वर्षे ह्या मराठी बाईने फिलाडेल्फियात फ्रोबेलची पद्धती शिकून घेतली होती आणि मराठी मुलींसाठी तशी पुस्तके करायला घेतली होती! उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे खर्च चालवण्याचे कबूल केले. १८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपान, हाँगकाँगमार्गे परतल्या. हाँगकाँगहून हिंदुस्थानला जाणारी बोटीची वाट आमच्या ह्या बेटाच्या अंगावरूनच जाते, म्हणून त्या प्रवासाबद्दल आम्हाला थोडी जास्तच आपुलकी आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, त्याच आनंदीबाई कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्यास हलवले. ह्याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या आत काहीतरी बदलले. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती, पण आपण ख्रिस्ती धर्म घेतला, ख्रिस्त घेतला नाही, असे त्यांना वाटू लागले. तोवर त्यांचा देव बुद्धीला पटलेला होता, आता तो आधार झाला. ही गोष्ट सुखाच्या दिवसांत घडली हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परीक्षा मागून आली.

ती १८९३ साली आली. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता आणि तो रमाबाई पाळीत. पण आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली येऊन बसत. पुण्यात वादळ उठले. केसरीने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. पालक आले आणि मुली घेऊन गेले. एका फटक्यात वीस-पंचवीस मुली गेल्या. आम्ही शिक्षकी पेशातले, त्यामुळे ह्या प्रसंगात आमचे मन दोन्हीकडे ओढले जाते. विश्वासाने धाडलेली आपली मुलगी दुसऱ्या धर्मात जाईल ही पालकांची भीती खोटी नव्हती. कारण काही मुली पुढे खरोखरच ख्रिस्ती झाल्या. पण परत नेलेल्या विधवा मुलींच्या वाट्याला घरी काय येणार होते, हेही सर्वांना ठाऊक होते. दार लावून घ्या, एवढेच मागणे होते. रमाबाईंनी दार लावले नाही.

अमेरिकेची मदत १८९८ ला संपणार होती. पुढे काय? ब्रिस्टॉलचे जॉर्ज म्युलर माणसांपाशी हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथालय चालवीत, त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि असे आपल्या देशात होईल का हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. पण त्यांनी केले काय ते पाहा. पुण्यापासून सुमारे पस्तीस मैलांवर, रेल्वेलगत, केडगावला शंभर एकर माळरान घेतले आणि फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा बेत! प्रार्थना आणि विहिरीची खोदाई एकाच वेळी चालू होती.

झाडे मोठी व्हायला वेळ मिळालाच नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना आपले रानातले अकरा दिवस आठवले. पैसे नव्हते, जागा नव्हती, पुण्याचे सदन भरलेले होते. तरी त्या गेल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर अनाथ मुलींची काय दशा होत होती, त्यांना कोण पळवून नेत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि गाड्या भरभरून मुली आणल्या, तीनशेच्या आसपास. इतक्यात पुण्यात प्लेग आला. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग केडगावच्या उघड्या माळावर राहुट्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड आलेल्या, अन्न दिसले की एकमेकींच्या अंगावर धावणाऱ्या ह्या मुली. त्यांची न्हाणी-धुणी करायला सुंदराबाई पवारांसारख्या सहकारी होत्या, आणि सदनातल्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. ह्याच धामधुमीत प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ साली वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि गव्हर्नरापर्यंत प्रकरण गेले. देवावर भार टाकला म्हणून सरकारला जाब विचारायचे सोडले असे झाले नाही. बापाचाच वारसा म्हणायचा!

१९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा पुन्हा तेच. आता केडगावच्या मुक्ति सदनात दीड हजारांहून अधिक मुली व स्त्रिया झाल्या. रोज दीड हजार तोंडे! आमच्या पुंगोलला दोन जलाशयांना जोडणारा चार किलोमीटरचा कालवा आहे, संध्याकाळी त्याच्या काठाने फिरताना पाणी ही काळजीची वस्तू असू शकते हे लक्षातही येत नाही. केडगावला पाण्याचा प्रत्येक हंडा विहिरीतून ओढावा लागे. त्या विहिरी मुक्तीच्या माणसांनी खणल्या. मुली शेत नांगरायला, विणायला, शिवायला, गाई राखायला, तेल गाळायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंच्या घराण्याला जे आले नव्हते ते, म्हणजे हाताने कमावून खाणे, ते इथे प्रत्येकीला यावेच लागे. कृपा सदन काढले ते फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी, फुलमला पाहिले होते त्याच धर्तीवर. मनोरमाबाई शिकून परत आल्या, आईचा उजवा हात बनल्या, आणि आंधळ्या मुलींना ब्रेलवर वाचायला शिकवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९०५ साली मुक्तीत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची वर्णने ख्रिस्ती जगात दूरवर गेली. आमचे लक्ष मात्र राहून राहून विहिरींकडे जाते.

उतारवयात रमाबाईंनी सगळे पवित्र शास्त्र नव्याने मराठीत आणण्याचे काम घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुने भाषांतर फार संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, तिने संस्कृत शब्द एकेक करून बाजूला काढावेत आणि दुष्काळातून आणलेल्या मुलीच्या तोंडी बसेल असा शब्द शोधत बसावे! भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला ह्या एका गोष्टीसाठीही त्यांचे पाय धरावेसे वाटतात. ते भाषांतर साहित्य म्हणून उत्तम साधले असे कोणी म्हणत नाही, ते फार सरळ आणि ओबडधोबड आहे. पण ते कोणासाठी होते ते पाहिले पाहिजे.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. आता वय साठीपलीकडे, ऐकू जवळजवळ येत नव्हते. मुक्तीचा कारभार मनोरमाबाई पुढे चालवतील हे सर्वांनी गृहीत धरले होते. रमाबाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे पंचविशीच्या आत गमावले होते. उरली होती ती ही एकुलती एक, सिलचरहून कडेवर घेऊन आणलेली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस.

इथे आम्ही त्या शेजारणीचा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून थांबलो. दुष्काळात विहीर खणता येते, पालकांनी मुली नेल्या तर दुसऱ्या आणता येतात. इथे करण्यासारखे काहीच नव्हते. मग त्या बाईने काय केले? प्रार्थना केली हे खरेच. आणि मुक्तीच्या मुलींची व्यवस्था पाहिली, आपल्या मागे काम कोणी चालवायचे ते ठरवले, आणि भाषांतराची मुद्रिते तपासायला पुन्हा बसल्या. दुःख झाले नाही असे नाही. प्रकृती खालावतच गेली. पण काम टेबलावर होते आणि त्या टेबलाशी जाऊन बसत होत्या. बापाने रानात त्यांना देवाच्या हाती सोपवले होते. त्या हातातून त्या सुटल्या असे त्यांना पन्नास वर्षांत वाटले नाही, आणि मनोरमा गेली तेव्हाही नाही. एवढेच आम्हाला त्यांच्या चरित्रात सापडते. का सुटल्या नाहीत, ह्याचे उत्तर आम्ही पोथीतून काढून देऊ शकत नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगावला निधन झाले. त्यांचे भाषांतर त्यांच्या मागे मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मुक्ति मिशन आजही केडगावला चालू आहे. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावे टपालतिकीट काढले.

गेल्या आठवड्यात शेजारीणबाई पुन्हा लिफ्टमध्ये भेटल्या. मनोरमेपर्यंतची हकीकत आम्ही ह्या वेळी पुरी केली, त्यासाठी त्यांच्या मजल्यावर उतरून दाराशी उभे राहावे लागले. त्यांनी आणखी वाचायला काही मिळेल का असे विचारले. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष इंग्रजीत लिहिली आहे, लहानसे पुस्तक आहे, झेलमकाठचे वाळूचे खड्डे त्यात आहेत. ते त्यांना आणून द्यायचे आम्ही कबूल केले आहे. आमच्या मुलांनी आधी वाचून मग द्यावे असा विचार आहे, म्हणून दोन दिवस उशीर होईल.